चादर बघायची नसते

परवा भाच्याच्या नव्या घराची वास्तुशांत झाली. जेवणं आटोपल्यावर रिवाजाप्रमाणे घर दाखवण्याचा कार्यक्रम झाला. स्वयंपाकघर बघितलं, गॅलरी बघितली, शेवटी बेडरूम. पलंगावर जांभळी, आरशासारखी चकाकणारी चादर, तिच्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि वर सात उशा. (मोजल्या. मास्तरकीची खोड, जात नाही.) बायकामंडळींनी "अय्या, किती छान!" म्हटलं. मी आपला वाकून चादरीचा कोपरा चिमटीत धरला, दोन बोटांत चोळला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पॉलिएस्टर आहे."

खोलीत एकदम शांतता. बहिणीने डोळे वटारले. भाचेसून बिचारी कसनुसं हसली. भाचा मात्र सरळ म्हणाला, "मामा, चादरीत काय एवढं बघायचं? रात्री दिवा घालवला की सगळ्या चादरी सारख्याच!"

सगळे हसले, मीही हसलो. पानात राहिलेला लाडू खाल्ला आणि घरी आलो. लाडू पचला, ते वाक्य मात्र अजून पचलेलं नाही. एक तर ते चूक आहे. दुसरं म्हणजे, तेच वाक्य मी स्वतः पंचेचाळीस वर्षं म्हणत आलो होतो. म्हणून आज भाच्याची क्षमा मागून त्याच्याशी जाहीर भांडण काढतो आहे. तो हे वाचणार आहे, त्याची आईही वाचणार आहे, त्यामुळे जे काय व्हायचं ते होवो.

आधी माझा कबुलीजबाब. लग्न झाल्यापासून सत्तरी येईपर्यंत मी ज्या पलंगावर झोपलो त्यावर कुठली चादर आहे हे मी कधी पाहिलं नाही. चादर ही आपोआप पसरलेली असते, आपोआप धुतली जाते आणि दिवाळीला आपोआप नवी होते अशी माझी समजूत होती. वर्गात मुलांना शब्दांच्या छटा शिकवायच्या, अंथरूण वेगळं, पांघरूण वेगळं, पलंगपोस वेगळा, आणि घरी आल्यावर यातलं काय कशावर घातलंय याचा पत्ता नाही.

मग २०२१ च्या डिसेंबरात ही न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण मधेच छातीत संसर्ग झाला, सगळं लांबलं आणि अडीच महिने ती जवळजवळ पलंगालाच खिळून होती. मुलगा आणि सून दोघंही धावून आले. सुनेने मोठ्या प्रेमाने दोन नव्या चादरी आणल्या. मऊमऊ, सुरकुती न पडणाऱ्या, चारही कोपऱ्यांना इलास्टिक असलेल्या. घरात आजारी माणूस आहे, खोली प्रसन्न दिसावी, हा तिचा हेतू. हेतूत काहीही खोट नव्हती हे आधीच लिहून ठेवतो.

डॉक्टरांनी हवेची गादी आणायला सांगितली होती. तिच्यावर ती इलास्टिकवाली चादर ढोलकीच्या पानासारखी ताणून बसवली. पुण्याची थंडी, रात्री पारा दहाच्या आसपास, आणि हिची पाठ घामाने ओली! आम्ही म्हणायचो, औषधांनी घाम येतो. अठराव्या दिवशी अंग पुसताना देखभालीला येणाऱ्या मावशींनी मला हाक मारली. "आजोबा, हे बघा." माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग. त्यांनी त्यावर बोट दाबून उचललं. साध्या लालीवर बोट दाबलं की क्षणभर तिथे पांढरं दिसतं. हा डाग लालच राहिला. मावशी म्हणाल्या, "ही सुरुवात आहे. आधी ही चादर काढा. जुनी सुती काढा घरातली."

मी कपाट उघडलं. चौदा चादरी निघाल्या. आहेरातल्या, सेलमधल्या, एकावर एक फुकट अशा. एकेक बाहेर काढत गेलो आणि मावशी एकेक चोळून बाजूला टाकत गेल्या. चौदातल्या निखळ सुती किती? तीन. त्यातली एक फाटकी. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाच्या घरात, ज्या बाईने त्याचं घर चालवलं तिच्या पाठीखाली घालायला तीन चादरी! त्या दिवशी मला जी लाज वाटली ती अजून उतरलेली नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तर, जखम चादरीमुळे झाली का? नाही, तसं मी म्हणत नाही. एकाच जागी दाब राहतो म्हणून ती होते, आणि त्यावर खरा उपाय दर दोन तासांनी कूस बदलवणं हाच. पण ओलावा, घर्षण आणि पाठीखालची सुरकुती ही तिन्ही भावंडं त्या दाबाला मदत करतात, आणि तिन्हींचा संबंध चादरीशी आहे. शिवाय हवेची गादी फुगते-बसते तेव्हा अंगाखालचा दाब इकडेतिकडे होतो म्हणून तर ती घ्यायची. तिच्यावर चादर ताणून बसवली की गादीचं कामच थांबतं. तिथे चादर सैल हवी आणि एकच हवी. हे गादीबरोबर आलेल्या कागदावर लिहिलेलं होतं. चष्मा शेजारी असून आम्ही कुणीच तो कागद वाचला नव्हता.

पुढचे दोन महिने मी चादर घालायला शिकलो. निजलेल्या माणसाखालची चादर बदलायची म्हणजे आधी त्याला एका कुशीवर घ्यायचं, जुनी चादर लांबीत गुंडाळत त्याच्या पाठीशी आणायची, नवी अर्धी पसरून उरलेली तिथेच गुंडाळून ठेवायची, मग त्याला त्या वळकटीवरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं आणि पलीकडून जुनी ओढून काढायची, नवी सोडायची. वाचायला सोपं आहे. पहिल्या दिवशी मला वीस मिनिटं लागली आणि ही कण्हत असतानाही मला सूचना करत होती. डाग जायला सहा आठवडे लागले. आता ती काठी घेऊन चालते आणि हा लेख मागून वाचत "रुपयाएवढा नव्हता, आठ आण्याएवढा होता" अशी दुरुस्ती सुचवते आहे. असो.

तर मंडळी, दिवा घालवल्यावर चादरी सारख्या होत नाहीत. उलट दिवा घालवल्यावरच त्या वेगळ्या होतात. उजेडात दिसतो तो रंग आणि वेलबुट्टी, अंधारात अंगाला लागतो तो धागा. कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा नुसत्या हवेतूनच शोषून बसलेला असतो, पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. माणसाला रात्रभर घाम सुटतच असतो, कळो न कळो. तो घाम कापूस पितो. पॉलिएस्टर तो पीत नाही, तो तुमच्या पाठीवरच ठेवतो.

यावर आमची नवी पिढी म्हणते, "मग महागातली घ्यायची. हजार थ्रेड काउंटची." हा दुसरा भ्रम. थ्रेड काउंट म्हणजे एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत ती संख्या. हे ठीक. पण एका इंचात धागे मावणार तरी किती? एकेरी सुताने चारशे-पाचशेच्या पुढे जाणं फार अवघड. मग हजार कुठून येतात? दोन-तीन बारीक पदर पिळून एक धागा करायचा आणि मोजताना प्रत्येक पदर वेगळा मोजायचा! माझ्या वर्गातल्या एखाद्या मुलाने अशी बेरीज केली असती तर त्याला बाकावर उभा केला असता. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या अधिकाऱ्यांनी २००५ साली असंच मत दिलं होतं की अशी मोजणी गिऱ्हाइकाची दिशाभूल करू शकते. तरी आकडे वाढतातच आहेत.

आणि नुसता आकडाच नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकान-साखळीने आपल्याच देशातल्या एका नामांकित कंपनीशी व्यवहार तोडला, कारण 'इजिप्शियन कापूस' म्हणून विकलेल्या सुमारे साडेसात लाख चादरी-अभ्रे त्या कापसाचे नव्हतेच. तिथले तपासनीस, तिथल्या प्रयोगशाळा, आणि त्यांची ही गत. आपण रस्त्यावरच्या सेलमध्ये पाकिटावरच्या सोनेरी अक्षरांवर विश्वास ठेवायचा!

'काउंट' या शब्दाची तर मोठी गंमत आहे. माझी पहिली दहा वर्षांची नोकरी सोलापूरला, पूर्व भागातल्या शाळेत झाली. वर्गातली निम्मी मुलं पद्मशाली विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी आणि शाळेत माझं मराठी निमूट सोसणारी. शाळेच्या मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट दिवसभर चालायची. कविता शिकवताना मला त्या तालावर बोलायची सवय लागली होती. एकदा सातवीतल्या एका मुलाला मी विचारलं, काउंट म्हणजे काय रे? त्याने मलाच शिकवलं. एक पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात तितका त्या सुताचा काउंट. म्हणजे काउंट जितका जास्त तितकं सूत बारीक. "चादरीला बारीक सूत चालत नाय सर, जाड लागतंय. थंडी वाजतीय न्हायतर."

बघा, तेरा वर्षांचं पोर. उबेचं सगळं शास्त्र त्याने एका वाक्यात सांगितलं आणि मी त्याला 'नाहीतर' म्हणायला शिकवत बसलो.

कारण ऊब कापडात नसतेच, ती कापडात अडकून राहिलेल्या हवेत असते. जाड, मऊ पिळाच्या सुतात हवा राहते. सोलापुरी चादरीत नक्षी छापलेली नसते, जेकार्डवर विणलेली असते. म्हणून उलटी केली की तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते, आणि म्हणूनच ती नक्षी धुऊन जात नाही. नवी असताना ती खरखरीत लागते, हे खरं. पाचसहा धुण्यांनंतर जी मऊ होते ती पुढे वर्षानुवर्षं मऊच होत जाते. आमच्या घरातली एक चादर माझ्या मुलाच्या जन्माच्या वेळची आहे, मुलगा आता पन्नाशीला टेकलाय, आणि दोघांत चादरीची तब्येत बरी आहे.

२००५-०६ साली सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातून असा मान मिळवणाऱ्या पहिल्या वस्तूंपैकी ती एक, जोडीला सोलापुरी टॉवेल. आम्हाला केवढा आनंद झाला होता! पण कागदाने काय होतं? सोलापूर सोडून भलतीकडे बनलेल्या, मिश्र धाग्याच्या चादरी 'सोलापुरी' म्हणून राजरोस विकल्या जातात. आणि आपण दुकानात जाऊन विचारतो काय, तर "यात स्वस्तातली नाही का?" स्वस्तातली असते ना, दुकानदार काढून देतो. मग ती वर्षभरात गोळे धरते आणि आपण म्हणतो, सोलापुरी चादरीत आता पूर्वीचं राहिलं नाही. जुनी मिल गेली, लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. त्या गेल्याचा दोष माझ्या भाच्याला देणार नाही. पण गल्लीतला माग बंद पडतो तेव्हा त्यात आपल्या 'स्वस्तातली'चा वाटा असतो, हे मात्र त्याने ऐकून घ्यावं.

उबेचा विषय निघालाच आहे तर शालीबद्दल बोलायलाच हवं. मी निवृत्त झालो तेव्हा माझे पाच सत्कार झाले आणि मला सहा शाली मिळाल्या. (एका ठिकाणी चुकून दोनदा घातली.) सहापैकी एकीतही लोकरीचा धागा नाही. डिसेंबरात पांघरून पाहा, थंडी सरळ आरपार येते. आपण माणसाचा सन्मान करतो तो उबेच्या नावाने, आणि देतो काय, तर फोटोत दिसेल एवढंच! त्यापेक्षा थंडीत गरिबांना ब्लँकेटवाटप होतं तिथे तरी बरं असेल म्हणून एकदा गेलो. ब्लँकेट उचलून दिव्यासमोर धरलं, पलीकडचे अध्यक्ष दिसले.

आता जे मखमली ब्लँकेट घरोघरी आहे, वाघ किंवा गुलाब छापलेलं, ते ऊब देत नाही असं मी म्हणणार नाही. देतं. पण रात्री दोन वाजता घामाने जाग येते, लाथ मारून ते खाली जातं आणि तीनला शिंका सुरू. आमच्या आजीकडे याला साधा तोडगा होता. खाली सुती, अंगावर सुती चादर, तिच्यावर गोधडी. गोधडीत जुन्या पातळांचे पाच-सात पदर, प्रत्येक दोन पदरांत हवा. उकडलं की एक थर काढायचा. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना तर थरच हवेत, कारण त्यांना एकदम उकडतं आणि एकदम थंडी वाजते. घोंगडीचं सुख वेगळंच, पण ती टोचते आणि चिंचोक्याच्या खळीचा वास सगळ्यांना सोसत नाही. मला सोसतो. हिला सोसत नाही. म्हणून आमची घोंगडी सोफ्यावर असते.

आता समोरच्या बाजूचं. आमची सून म्हणाली, "बाबा, सुती चादर धुऊन बघा एकदा." बरोबर बोलली. भिजलेली सोलापुरी चादर पिळणं हे एका माणसाचं काम नाही. कोकणात पावसाळ्यात सुती चादर तीन दिवस वाळत नाही, वर कुबट वास. सुरकुत्या पडतात, इस्त्री कोण करणार? पॉलिएस्टर तासात वाळतं. ज्या बाईला सकाळी आठची लोकल गाठायची आहे तिने ते घेतलं तर तिला नावं ठेवायचा मला काय अधिकार, मी तर पंचेचाळीस वर्षांत एक चादर पिळली नव्हती. माझं उत्तर एवढंच, की अंथरायची चादर पातळ घ्या, साध्या एक-वर-एक-खाली विणीची, दोनशे-तीनशे धाग्यांची पुरे. ती लवकर वाळते आणि उन्हाळ्यात गारही लागते. जाड चादर पांघरायची, ती ऊन दाखवून महिनोन्महिने चालते. आणि ती पिळायला घरातल्या पुरुषाने दुसरं टोक धरावं. हिला हे वाक्य दोनदा लिहायला हवं आहे.

ओळखायची कशी, असं दोघातिघांनी विचारलंय. पाकीट वाचू नका, चादर उघडून मागा. दोन हातांत धरून जोरात चोळा. पांढरी पूड पडली तर ती खळ आहे, पहिल्या धुण्यात चादर मच्छरदाणी होईल. उजेडासमोर धरा, वीण सारखी दिसली पाहिजे. घरी आल्यावर कडेचा एक धागा काढून स्टीलच्या ताटलीत जाळा. कागद जळाल्यासारखा वास आणि बोटात चुरणारी राख, तर कापूस. वितळून काळा कडक मणी झाला, तर पॉलिएस्टर. दोन्ही झालं, तर मिश्र, आणि दुकानदाराला जाऊन सांगा.

शेवटचं मापाचं, कारण इथे शिकलेली माणसंही फसतात. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण अंथरूण पाहून चादर घ्यायची हे कुणी सांगत नाही. पूर्वी गादी चार इंचांची होती, आता आठ-दहा. चादरी मात्र अजून ९० बाय १०० च्याच मिळतात. गणित करा. पलंग ७२ बाय ७८ इंच. गादी आठ इंच, म्हणजे दोन्ही बाजूंनी सोळा वाढले, रुंदी झाली ८८, लांबी ९४. चादर सुती असेल तर धुतल्यावर पाच टक्के आटू शकते. ९० ची साडेपंच्याऐंशी झाली. म्हणजे गादीची बाजूसुद्धा झाकत नाही, खोचायचं काय? मग ती रात्रीत गोळा होते, पाठीखाली वळकटी होते आणि आपण सुती चादरीला नावं ठेवतो. १०८ बाय १०८ ची घ्या. आटूनही रुंदीत प्रत्येक बाजूला सात इंच आणि लांबीत चार इंच खोचायला उरतात.

भाच्याचा अजून फोन नाही. रागावला असावा. वास्तुशांतीचा आहेर द्यायचा माझा राहूनच गेला होता, तेव्हा जुन्या ओळखीने सोलापूरहून दोन चादरी पांघरायला आणि दोन पातळ सुती अंथरायला मागवल्या आहेत. पांघरायच्या आल्या. अंथरायच्या शिवून घ्यायच्या आहेत, त्यासाठी त्याच्या गादीची जाडी हवी आहे. पट्टी लावून मोज रे बाबा, आणि सात उशा आधी खाली ठेव.